सिनेटची मंजुरी नसलेला ‘ॲक्टिंग’ अधिकारी: त्याची सही कुठवर चालते?

मुख्यपरीक्षा_सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासगटात एका मुद्द्यावर घोडं अडलंय, जाणकारांनी सोडवावं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनियात फेडरल न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्ता लेटिशिया जेम्स यांच्यावरचे खटले काढून टाकले. कारण काय, तर खटले भरणाऱ्या सरकारी वकील लिंडसी हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा. त्याच वर्षी न्यू जर्सीत अलिना हब्बा यांचं सरकारी वकीलपदावर असणंही बेकायदा ठरलं, पण तिथले खटले मात्र शाबूत राहिले. दोष एकच आणि निकाल दोन, हे कसं?

दुसरं आपल्याकडचं. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकच कारभार बघत होते. सातारा काय, सांगली काय, जिल्हा परिषदांवर तर मार्च २०२२ पासूनच प्रशासक होते. प्रभारी अधिकारी म्हणाल तर तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात जा, पाटीवर ‘अतिरिक्त कार्यभार’ दिसतोच. अमेरिकेचा नियम इथं लावला तर काय काय कोसळेल? गटातला एक म्हणतो सगळं, दुसरा म्हणतो काहीच नाही.

मुख्य परीक्षेला राज्यशास्त्र वैकल्पिक आहे, त्यामुळे कलमांसकट सांगा. गुळमुळीत उत्तरं गाईडमध्ये भरपूर आहेत.

---

कलमबहाद्दर (कराड)

मंजुरी नाही म्हणजे बेकायदा, असं सरसकट धरलंत तर पहिल्याच ओळीला मार्क जातील. अमेरिकेत तीन गोष्टी बघतात आणि याच क्रमाने बघतात. माणूस खुर्चीवर कुठल्या दाराने आला, त्याची मुदत त्या दिवशी चालू होती का, आणि ज्या कागदावरून भांडण आहे तो कागद कायद्याने फक्त त्याच पदाने काढायचा होता का.

पाया घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात आहे. मोठे अधिकारी राष्ट्राध्यक्षाने नेमायचे, पण सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने. दुय्यम अधिकाऱ्यांच्या बाबतीत काँग्रेस कायदा करून ती संमती माफ करू शकते आणि नेमणूक एकट्या राष्ट्राध्यक्षाकडे, खातेप्रमुखाकडे किंवा न्यायालयाकडे देऊ शकते. मग मोठ्या पदावर तात्पुरता बसलेला माणूस कोण? सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली ‘अमेरिका विरुद्ध ईटन’मध्ये उत्तर दिलं. सयाममधले अमेरिकी वाणिज्यदूत आजारपणामुळे मायदेशी निघाले, जाताना उपदूत म्हणून ईटनना बसवून गेले. पुढे भांडण झालं ते त्या काळातल्या पगाराचं. न्यायालय म्हणालं, मर्यादित काळासाठी, विशेष आणि तात्पुरत्या परिस्थितीत मोठ्या पदाचं काम केलं म्हणून तो माणूस त्या पदाचा कायम अधिकारी होत नाही. तेव्हा सिनेटची संमती लागत नाही. आजही प्रभारी नेमणुकीचा बचाव करणारा वकील पहिला आधार ईटनचाच घेतो.

आता कायदा. रिकाम्या जागांचे कायदे १७९२ पासून आहेत. १८६८ च्या कायद्यात प्रभारी मुदत फक्त १० दिवस होती, १८९१ मध्ये ती ३० झाली, १९८८ मध्ये १२०. सध्याचा कायदा १९९८ चा, ‘फेडरल व्हेकन्सीज रिफॉर्म ॲक्ट’, संहितेच्या पाचव्या शीर्षकातली कलमं ३३४५ ते ३३४९ड. तो आणायचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. खाती म्हणू लागली होती की आम्हाला आमचा स्वतःचा कायदा आहे, मुदतीचं बंधन आम्हाला नाही. न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागावर १९९७ च्या अखेरीस बिल लॅन ली यांना प्रभारी बसवलं, तेव्हा सिनेटचा संयम सुटला.

कलम ३३४५ मध्ये तीन दारं आहेत. पहिलं आपोआप उघडतं: वरचा मेला, राजीनामा देऊन गेला किंवा काम करण्यास असमर्थ झाला की त्याचा ‘फर्स्ट असिस्टंट’, म्हणजे पहिला सहायक, प्रभारी होतो. दुसरं: सिनेटने आधीच मंजूर केलेला कुणीही अधिकारी, मग तो भलत्याच खात्यातला असला तरी चालतो. तिसरं: त्याच खात्यातला वरिष्ठ कर्मचारी. त्याची सरकारी वेतनश्रेणी जीएस-१५ किंवा वरची हवी आणि जागा रिकामी होण्याआधीच्या ३६५ दिवसांत किमान ९० दिवस त्या खात्यात त्या दर्जावर काम केलेलं हवं. दुसरं आणि तिसरं दार फक्त राष्ट्राध्यक्ष उघडू शकतो, मंत्री किंवा सचिव नाही. रस्त्यावरून आणलेल्या माणसाला यातल्या एकाही दारातून थेट आत घेता येत नाही, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक भानगडी याच माणसाला आत घ्यायच्या खटपटीतून झाल्या आहेत.

‘असमर्थ’ या अटीत बडतर्फी बसते का, हा वाद अजून जिवंत आहे. म्हणून चतुर प्रशासन काढून टाकण्याऐवजी राजीनामा मागून घेतं.

आणखी एक फास: ज्याला कायमच्या पदासाठी नामनिर्देशित केलं, तो त्याच पदावर प्रभारी राहू शकत नाही. अपवाद दोन. आधीच्या वर्षभरात तो किमान ९० दिवस फर्स्ट असिस्टंट असेल, किंवा फर्स्ट असिस्टंटचं पदच सिनेटमंजूर असून त्याला ती मंजुरी मिळालेली असेल. ही बंदी तिन्ही दारांना लागू आहे, हे २०१७ च्या ‘एनएलआरबी विरुद्ध एसडब्ल्यू जनरल’ने ठरवलं. लेफ सॉलोमन जून २०१० पासून कामगार मंडळाचे, म्हणजे एनएलआरबीचे, प्रभारी महाभिवक्ता होते, नेमणूक चोख होती. जानेवारी २०११ मध्ये त्याच पदासाठी त्यांचं नाव सिनेटकडे गेलं आणि त्या दिवसापासून त्यांचं प्रभारीपण अवैध झालं. बढतीची शिफारस झाली आणि हातातलं गेलं, असा प्रकार.

मुदत कलम ३३४६ मध्ये आहे. जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून २१० दिवस. प्रभारी बसला त्या दिवसापासून नव्हे, इथे बरेच जण घसरतात. नवा राष्ट्राध्यक्ष आला तेव्हा जागा रिकामी असेल, किंवा त्यानंतर ६० दिवसांत झाली, तर ३०० दिवस मिळतात. नामनिर्देशन सिनेटपुढे असेपर्यंत प्रभारी राहता येतं. ते फेटाळलं, मागे घेतलं किंवा परत आलं तर आणखी २१० दिवस. दुसऱ्या नामनिर्देशनालाही हीच सवलत, तिसऱ्याला नाही. आजारपणाच्या रजेमुळे जागा तात्पुरती रिकामी असेल तर हे घड्याळ लागतच नाही.

---

द्राक्षबाग_तासगाव

म्हणजे २१० वा दिवस मावळला की पाटी काढायची आणि घरी जायचं?

---

मिरज_जंक्शन

तसं झालं असतं तर एवढे खटले कशाला झाले असते राव. पाटी बदलतात, माणूस तिथंच. ‘ॲक्टिंग डायरेक्टर’ ऐवजी ‘डायरेक्टरची कर्तव्ये पार पाडणारे’ असं लिहितात.

ही पळवाट कायद्याच्याच पोटात आहे. कलम ३३४८ म्हणतं, मुदत संपली की पद रिकामं समजायचं आणि त्या पदाचं काम फक्त खातेप्रमुख करू शकेल. दुसऱ्या कुणी केलं तर त्याला काडीचा अंमल नाही आणि ते मागाहून कायमही करता येत नाही. वाचायला जबरदस्त आहे. पण ‘काम’ म्हणजे काय, याची व्याख्या तिथेच पुढे आहे: कायद्याने किंवा नियमाने त्या अधिकाऱ्यानेच, आणि फक्त त्यानेच, करायचं म्हणून सांगितलेलं काम. जे काम खालच्याकडे सोपवता येतं ते या व्याख्येत बसत नाही. अमेरिकेत बहुतेक अधिकार सोपवता येतात. त्यामुळे तलवार मोठी असली तरी म्यानातून क्वचितच बाहेर येते.

उदाहरण पेटंट कार्यालयाचं. २०२१ च्या ‘आर्थ्रेक्स’ निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पेटंट न्यायाधीशांच्या निर्णयाचा फेरविचार संचालकाला करता आला पाहिजे. निकाल लागला तेव्हा संचालकाची जागाच रिकामी. ड्रू हिर्शफेल्ड ‘संचालकाची कर्तव्ये पार पाडत’ होते, त्यांनी फेरविचाराचा अर्ज फेटाळला. आर्थ्रेक्स कंपनी परत कोर्टात गेली, पण २०२२ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने हिर्शफेल्ड यांचा अधिकार मान्य केला, कारण हे काम सोपवता येण्यासारखं होतं.

उलट बाजूने विल्यम पेंडली बघा. सार्वजनिक जमिनींचं व्यवस्थापन करणाऱ्या ब्युरोचे ते उपसंचालक, पण संचालकाचे अधिकार वापरत होते. नाव सिनेटकडून मागे घेतल्यावरही तिथेच. सप्टेंबर २०२० मध्ये माँटानातल्या न्यायाधीश ब्रायन मॉरिस यांनी ते ४२४ दिवस बेकायदा पदावर असल्याचं म्हटलं आणि त्यांना रोखलं.

आणि मुदत संपलेला माणूस परत जिवंतही होतो. नॅन्सी बेरीहिल सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या प्रभारी आयुक्त. ३०० दिवस नोव्हेंबर २०१७ मध्ये संपले. एप्रिल २०१८ मध्ये दुसऱ्याच माणसाचं नाव सिनेटकडे गेलं आणि नामनिर्देशन प्रलंबित आहे या कारणाने त्या पुन्हा प्रभारी झाल्या. जुलै २०१८ मध्ये त्यांनी खात्यातल्या प्रशासकीय न्यायाधीशांच्या नेमणुका कायम केल्या. त्यावर देशभर आव्हानं आली, पण चौथ्या आणि आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयांनी २०२३ मध्ये त्या सह्या मान्य केल्या. म्हणून तारखांचा तक्ता काढल्याशिवाय मत देऊ नये: जागा कधी रिकामी झाली, नाव कधी गेलं, परत कधी आलं, वादातली सही कोणत्या तारखेची.

---

वाईचा_वकील

वरच्या दोघांनी सांगाडा नीट दिलाय. मी दोन नमुने जवळून दाखवतो, म्हणजे परीक्षेत नुसती कलमं ओतावी लागणार नाहीत.

पहिला अंतर्गत सुरक्षा खात्याचा. या खात्याला स्वतःचा वेगळा नियम आहे: सचिव, म्हणजे तिथला खात्याचा मंत्रीच, स्वतः उत्तराधिकाराचा क्रम ठरवू शकतो. कर्स्टिन नील्सन यांनी एप्रिल २०१९ मध्ये राजीनामा देताना क्रम बदलला. पण त्यांच्या खात्याच्या दस्तऐवजात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मृत्यू, राजीनामा किंवा असमर्थता असेल तर राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकारी आदेशातला क्रम लावायचा, आणि आपत्तीमुळे सचिव उपलब्ध नसेल तर ‘परिशिष्ट अ’ मधला. नील्सन यांनी बदललं फक्त परिशिष्ट अ. राजीनाम्याचा परिच्छेद होता तसाच राहिला. म्हणजे क्रम बदलला तो पुरा-वादळासाठी, आणि त्या गेल्या राजीनाम्याने. जुन्या क्रमाप्रमाणे सायबर सुरक्षा संस्थेचे ख्रिस्तोफर क्रेब्स यायला हवे होते. आले सीमाशुल्क विभागाचे केविन मॅकअलीनन. त्यांनी मग राजीनाम्याचा परिच्छेदही बदलला आणि त्यातून चॅड वुल्फ आले. पण पहिलाच माणूस चुकीचा, तर त्याने केलेला बदल कसा टिकणार? ऑगस्ट २०२० मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, दोन्ही नेमणुका अवैध म्हटल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कमधले न्यायाधीश गॅराफिस यांनी लहानपणी अमेरिकेत आणलेल्या स्थलांतरितांच्या योजनेला कात्री लावणारा वुल्फ यांचा जुलैमधला आदेश याच कारणाने झिडकारला. आमच्या फेरफार नोंदीत गट नंबर चुकावा आणि पुढची तीन खरेदीखतं लटकावीत, तसलाच प्रकार.

दुसरा केन कुचिनेली. नागरिकत्व सेवेच्या संचालकाची जागा रिकामी होती. बाहेरून आणलेल्या माणसाला आत घ्यायचं तर दार नाही. मग जून २०१९ मध्ये ‘प्रिन्सिपल डेप्युटी डायरेक्टर’ असं नवंच पद काढलं, तेच फर्स्ट असिस्टंट असं जाहीर केलं, आणि त्यावर कुचिनेलींना बसवलं. नव्या संचालकाची नेमणूक झाली की हे पद आपोआप रद्द, अशीही सोय त्या आदेशात होती. १ मार्च २०२० च्या निकालात न्यायाधीश रँडॉल्फ मॉस म्हणाले, जो कधीच कुणाचा सहायक नव्हता आणि पुढेही होणार नाही, तो पहिला सहायक कसा? आश्रय मागणाऱ्यांना वकिलाशी बोलायला मिळणारा वेळ कमी करणारे त्यांचे निर्देश रद्द झाले.

आता मूळ प्रश्न. जिल्ह्याचा फेडरल सरकारी वकील, म्हणजे यूएस ॲटर्नी, याला वरच्या कायद्याखेरीज आणखी एक रस्ता आहे: अठ्ठाविसाव्या शीर्षकाचं कलम ५४६. ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचा प्रमुख, १२० दिवसांसाठी हंगामी नेमणूक करू शकतो, त्यानंतर नेमणूक जिल्हा न्यायालयाने करायची. २००६ मध्ये ही १२० दिवसांची मर्यादा काढून टाकली होती. सरकारी वकिलांच्या हकालपट्टीचं प्रकरण पेटलं आणि २००७ मध्ये ती परत आली.

व्हर्जिनियात एरिक सीबर्ट यांनी हे १२० दिवस मे २०२५ मध्येच संपवले होते, पुढे न्यायालयाने त्यांना चालू ठेवलं. ते सप्टेंबरमध्ये पायउतार झाल्यावर ॲटर्नी जनरलने त्याच कलमाखाली हॅलिगन यांना नेमलं. न्यायाधीश करी यांचं म्हणणं, १२० दिवस प्रत्येक माणसाला नव्याने मिळत नाहीत, नाहीतर मर्यादा असून नसून सारखीच. इथवर न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया एकाच नावेत.

फरक सहीत आहे. कोमी यांच्या खटल्यात ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, एकट्या हॅलिगन उभ्या राहिल्या आणि आरोपपत्रावर सही एकट्या त्यांची. ती सही वजा केली की कागदावर सरकारतर्फे कुणीच उरत नाही. ३१ ऑक्टोबरला ॲटर्नी जनरलने मागील तारखेपासून मान्यता देऊन पाहिली, तीही चालली नाही. न्यू जर्सीत आरोपपत्रांमागे रीतसर नेमलेले दुसरे सरकारी वकील होते. तिथे न्यायाधीश मॅथ्यू ब्रॅन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये हब्बा यांना त्या खटल्यांपासून दूर केलं, खटले ठेवले. १ डिसेंबर २०२५ ला तिसऱ्या सर्किटने निकाल कायम केला: जागा रिकामी झाली त्या क्षणी जो फर्स्ट असिस्टंट आहे तोच आपोआप प्रभारी होतो, मागाहून आणून बसवलेला नाही, आणि यूएस ॲटर्नीचे सगळेच्या सगळे अधिकार ‘सोपवले’ असं म्हणून कायदा वळसा घालून टाळता येत नाही. नेवाडात सिगल चट्टा आणि कॅलिफोर्नियात बिल एसायली यांच्या बाबतीतही असंच झालं, माणूस बाजूला आणि खटले चालू.

कोमी प्रकरणात एक जास्तीची गोची आहे. खटला ‘विनापूर्वग्रह’ काढला, म्हणजे परत भरता येतो. पण त्या आरोपाची पाच वर्षांची मुदत ३० सप्टेंबर २०२५ लाच संपत होती. आरोपपत्र मुळातच अवैध असेल तर त्याने मुदत थांबत नाही, असं करी यांनी तळटीपेत लिहून ठेवलंय. सरकारने अपील केलं ते उगाच नाही.

---

मुख्यपरीक्षा_सांगली

वकीलसाहेब, सहीचा मुद्दा एकदम डोक्यात बसला. पण सिनेट सुट्टीवर असताना राष्ट्राध्यक्ष थेट नेमू शकतो ना? मग एवढा आटापिटा कशाला?

---

कलमबहाद्दर (कराड)

घटनेत सोय आहे, व्यवहारात मेली आहे. २०१४ च्या ‘नोएल कॅनिंग’मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सिनेट तीन-तीन दिवसांनी नावापुरतं भरत असेल तर ती सुट्टी नव्हे, आणि दहा दिवसांपेक्षा कमी खंड साधारणपणे पुरेसा नाही. तेव्हापासून सिनेट नावापुरतं भरत राहतं. एक जण येतो, हातोडा आपटतो, जातो.

---

निवृत्त_अव्वलकारकून (सातारा)

आता घरचं बघू. मंडळी अमेरिकेत फार रमली.

आपल्याकडे मंत्र्याला किंवा सचिवाला सभागृहाने मंजुरी द्यायची पद्धतच नाही, त्यामुळे तुलना तिथेच थोडी लंगडी पडते. त्याच्या जवळ जाणारं म्हणजे घटनेचं कलम १६४(४): आमदार नसलेला मंत्री सहा महिने राहू शकतो, तेवढ्यात निवडून यायचं. कराडचे पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेवर होते, मुदतीत विधान परिषदेवर आले. मुदत संपली की राजीनामा देऊन परत शपथ घ्यायची, ही युक्ती पंजाबात झाली होती. २००१ च्या ‘एस. आर. चौधरी’ निकालाने ती बंद केली. एका विधानसभेच्या काळात सवलत एकदाच. करी यांचा १२० दिवसांचा तर्क आणि हा तर्क शेजारी शेजारी ठेवून लिहा, उत्तराला वजन येईल.

परिणामाच्या बाबतीत मात्र आपण अमेरिकेच्या उलट टोकाला. २००१ मध्येच जयललितांची मुख्यमंत्रिपदाची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, पण त्याच निकालात लिहिलं की त्या काळात केलेली, एरवी कायदेशीर असलेली कामं एवढ्या कारणाने बाधित होणार नाहीत. त्याआधी १९८१ चा ‘गोकराजू रंगराजू’: सत्र न्यायाधीशांच्या नेमणुका रद्द झाल्या, त्यांनी दिलेले निकाल टिकले. तत्त्व असं की माणूस पदाच्या आवरणाखाली उघडपणे काम करत होता, लोक त्यावर विसंबले, तर नेमणुकीतला दोष त्या लोकांच्या माथी मारायचा नाही. नेमणुकीलाच आव्हान द्यायचं तर सरळ उच्च न्यायालयात अधिकारपृच्छेची, म्हणजे ‘या पदावर कुठल्या अधिकाराने बसलात’ असं विचारणारी, याचिका करा. जमिनीच्या अपिलात ‘साहेब प्रभारी होते’ म्हणून आडून वार करता येत नाही.

प्रशासकांचंही तसंच. महापालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि संपण्याआधी निवडणूक पुरी व्हायला हवी, हे कलम २४३-यू मध्ये स्पष्ट आहे. ‘किशनसिंग तोमर’ (२००६) आणि ‘सुरेश महाजन’ (२०२२) दोन्ही निकाल तेच सांगतात. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, त्यालाही उशीर झालाच. चूक निवडणूक न घेण्यात आहे. प्रशासकाने काढलेली निविदा किंवा ठरवलेली घरपट्टी एवढ्या कारणाने रद्द होत नाही. मात्र प्रशासक कोण, यावर न्यायालय बोलतं. जुलै २०२० मध्ये मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर खासगी व्यक्ती बसवायचा शासनाचा विचार होता. मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात आधी सरकारी किंवा स्थानिक संस्थेतलाच कर्मचारी बघायला लावला.

---

द्राक्षबाग_तासगाव

अण्णा, म्हणजे आपल्याकडे प्रभाऱ्याला कुणी हातच लावू शकत नाही म्हणा की. काहीच कोसळत नाही हे म्हणणाऱ्याने पैज जिंकली.

---

निवृत्त_अव्वलकारकून (सातारा)

जिंकली नाही. दोष नेमणुकीत असेल तर झाकला जातो. अधिकारच दिलेला नसेल तर झाकला जात नाही. हा भेद सुटला की अर्ज फुकट जातो.

१९६५ चा ‘अजायब सिंग विरुद्ध गुरबचन सिंग’ काढा. अमृतसरचे जिल्हा दंडाधिकारी बदलून गेले, अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी कार्यभार बघत होते. त्यांनी भारत संरक्षण नियमांखाली एकाला स्थानबद्ध केलं. नियमाप्रमाणे तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाला नव्हता. खुर्ची सांभाळतो म्हणजे तो दर्जा मिळाला, असं न्यायालयाने मानलं नाही, आदेश गेला. माणसाचं स्वातंत्र्य गेलेलं असतं तिथे न्यायालय काटेकोर होतं, हेही लक्षात ठेवा.

महसुलात बहुतेक वेळा वाचतं, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १०. जिल्हाधिकारी किंवा तहसीलदाराची जागा अचानक रिकामी झाली तर शासनाने दुसरी व्यवस्था केलेली नसेल तेव्हा पुढचा वरिष्ठ, जिल्ह्यात अतिरिक्त जिल्हाधिकारी आणि तालुक्यात अतिरिक्त किंवा नायब तहसीलदार, तात्पुरता त्या जागी येतो आणि संहितेपुरता तोच जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार समजला जातो. ‘संहितेपुरता’ इथे थांबा. तोच माणूस कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नोटीस काढणार असेल तर त्या अधिकाराची नेमणूक वेगळी लागते. शिक्का एकच वापरतात आणि गडबड तिथे होते.

कागद कसे तपासायचे ते सांगतो. प्रभाराचा आदेश मागवा आणि त्यात ‘पूर्ण अतिरिक्त कार्यभार’ लिहिलंय का ‘दैनंदिन कामकाजापुरता’ ते बघा. केंद्र सरकारची १९६३ पासूनची भूमिका अशी की नुसतं चालू कामकाज बघणारा प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार वापरू शकतो, कायद्याने त्या पदाला दिलेले अधिकार वापरू शकत नाही. मग कार्यभार दिल्या-घेतल्याचा कागद, तारीख आणि मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर यासकट. बदलीच्या दिवशी दुपारी कार्यभार सोडला आणि आदेशावर संध्याकाळची सही, असं सापडतं. तिसरा कागद म्हणजे ज्या कायद्याखाली आदेश काढला त्या कायद्याखालची अधिकार प्रदान केल्याची अधिसूचना. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. आणि हरकत पहिल्याच तारखेला लेखी नोंदवा. निकाल विरोधात गेल्यावर अधिकारकक्षेची आठवण झाली तर तिकडे कुणी ऐकत नाही.

पोलीस महासंचालकाचं प्रकरण वेगळं. ‘प्रकाश सिंग’ खटल्यात ३ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रभारी महासंचालक ही कल्पनाच राज्यांनी मनात आणू नये असं म्हटलं. तरी आपल्याकडे एप्रिल २०२१ पासून संजय पांडे अतिरिक्त कार्यभारावर होते, उच्च न्यायालयाने झापल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये रजनीश सेठ नियमित आले. मधल्या काळातले आदेश मात्र कुणी पुसून टाकले नाहीत.

---

मुख्यपरीक्षा_सांगली

अण्णा, मनापासून आभार. शेवटची शंका: ज्युली सू बायडेनच्या काळात मार्च २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत प्रभारी कामगारमंत्री होत्या, सिनेटने कधीच मंजूर केलं नाही. २१० चा हिशोब कुठे गेला?

---

मिरज_जंक्शन

दोन रस्ते होते आणि दोन्ही उघडे. एक, त्यांचं नामनिर्देशन सिनेटपुढे होतं. दुसरं आणि खरं, कामगार खात्याच्या स्वतःच्या कायद्यात लिहिलंय की मंत्र्याची जागा रिकामी असेल तर उपमंत्र्याने नवा येईपर्यंत काम बघायचं, त्याला दिवसांची मर्यादा नाही. आणि सू यांना उपमंत्री म्हणून सिनेटने २०२१ मध्येच मंजूर केलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये जीएओने याच आधारावर नेमणूक वैध म्हटली.

हेच कलम ३३४७ चं काम. १९९८ चा कायदा एकमेव रस्ता आहे, पण दुसऱ्या कायद्यात ठराविक पदाबद्दल स्पष्ट तरतूद असेल तर तीही चालते. दोन्ही एकदम लागू असतील तर राष्ट्राध्यक्ष निवडतो. २०१७ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोत लिअँड्रा इंग्लिश ब्युरोच्या कायद्याखाली आणि मिक मलवेनी १९९८ च्या कायद्याखाली, एकाच सोमवारी दोघेही प्रभारी संचालक म्हणून कामावर हजर झाले. न्यायाधीश टिमोथी केली यांनी कौल मलवेनींना दिला. इंग्लिश यांनी जुलै २०१८ मध्ये अपील सोडलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅथ्यू व्हिटेकर प्रभारी ॲटर्नी जनरल झाले तेव्हाही हाच वाद. न्याय खात्याच्या कायद्याप्रमाणे डेप्युटी ॲटर्नी जनरल यायला हवा होता, राष्ट्राध्यक्षाने तिसऱ्या दाराने व्हिटेकर आणले, आणि न्यायालयांनी ते चालवून घेतलं. त्यांच्या सहीने निघालेला बंदुकीच्या ‘बम्प स्टॉक’ बंदीचा नियम पुढे सिनेटमंजूर विल्यम बार यांनी स्वतः तपासून कायम केला, त्यामुळे तो वाद तिथेच मिटला. सोपवता येण्यासारखं काम होतं, म्हणून कायम करता आलं. नाहीतर कलम ३३४८ आडवं आलं असतं.